देवाची उजवी बाजू

इंग्लंडच्या एका आडबाजूच्या तालुक्यातल्या जुन्या चर्चचे दगड मला तोंडपाठ आहेत. त्यांतल्या एकाही चर्चच्या उंबऱ्याच्या आत मी पाऊल ठेवलेलं नाही. दुबईच्या अल बर्शा भागातल्या एका ऑफिसात बसून मी ती काढते. काढते म्हणजे चित्र रंगवत नाही. तिकडची माणसं भिंतींवरून लेसरचं यंत्र फिरवतात, त्यातून लाखो ठिपक्यांचा एक ढग तयार होतो, तो इकडे येतो आणि आम्ही त्या ठिपक्यांमधून भिंतीतला एकेक दगड शोधून त्याची रेघ ओढतो. कुठला दगड बदलायचा आणि कुठला नुसता धुवायचा, हे मग तिकडचे गवंडी त्या नकाशावर ठरवतात. पुण्यात वास्तुकला शिकत होते तेव्हा वाटायचं, आपण काहीतरी बांधू. ते राहून गेलं. दुसऱ्यांनी शेकडो वर्षांपूर्वी बांधलेलं जसंच्या तसं कागदावर उतरवणं हाच माझा धंदा झाला, आणि खरं सांगायचं तर मला तो आवडतो.

या चर्चना तिकडे सरकारी संरक्षण आहे. आपल्याकडच्यासारखं निळ्या पाटीवर शिक्षेचं कलम लिहायचं आणि पाटीच्याच सावलीत भेळेची गाडी लागू द्यायची, असलं नव्हे. खरोखरचं. एका चर्चच्या दाराशी सूचनाफलक लावायचा होता, तर खिळा दगडात ठोकायचा की दोन दगडांमधल्या चुन्यात, यावर आठवडाभर मेल चालल्या. मी त्या सगळ्या वाचल्या. खिळा चुन्यात ठोकायचं ठरलं, कारण चुना पुन्हा भरता येतो. दुसऱ्या एका चर्चचं छप्पर गळत होतं, पण आढ्याला वटवाघळं होती आणि त्यांचे पिल्लांचे दिवस होते. त्यांचा हंगाम संपला, मगच माणसं शिडीवर चढली. आमच्या ऑफिसातल्या एका नव्या सहकाऱ्याने तर तिरकी भिंत पाहिली आणि नकाशात सरळ करून टाकली. दुबईतच लहानाचा मोठा झालेला, त्याने जन्मात तिरकी भिंत पाहिलेली नव्हती. तिकडच्या मुख्य वास्तुतज्ज्ञ बाईंचं उत्तर आलं: भिंत चुकलेली नाही, ती पहिल्यापासून झुकतच आली आहे, कृपया तिला तसंच राहू द्यावं.

आमच्या ऑफिसात डावं-उजवं हे शब्द बंद आहेत. आतून बघणाऱ्याचं उजवं ते बाहेरून बघणाऱ्याचं डावं. पूर्वी कधीतरी कुणीतरी नकाशावर ‘उजवीकडची खिडकी’ असं लिहिलं आणि तिकडच्या माणसांनी भलत्याच खिडकीच्या काचा उतरवल्या. तेव्हापासून उत्तरेची भिंत, दक्षिणेची खिडकी, असंच लिहायचं. या शिस्तीचा मला इतका सराव झालाय की लेक घरात म्हणाली, “आई, इट्स इन द राइट ड्रॉवर,” तरी माझ्या तोंडून निघतं, “कुठून बघून?”

आता कुणी म्हणेल, आली ही इंग्रजांचे गोडवे गायला. गोडवे नाहीत. त्यांच्यावरही मी चिडलेय. एका गावातल्या म्हाताऱ्या बाईंना चाकाच्या खुर्चीतून चर्चमध्ये जायचं होतं. दाराशी जुन्या पायऱ्या, त्यांच्या बाजूला एक उतार करायचा, एवढंच काम. पण कुठलाच उतार तिथल्या समितीला पसंत पडेना. दगड झाकला जातो, उंबऱ्याची शोभा जाते, हे नको, ते नको. मी त्या उताराचे इतके प्रकार काढले की शेवटी हात आपोआप चालायला लागला. मंजुरी आली तेव्हा तिच्यासोबत एक ओळ होती: त्या बाई वारल्या, तरी काम पुढे चालू ठेवावं. त्या दिवशी मी कॉम्प्युटर बंद करून सरळ घरी आले. पायऱ्या जपता जपता बाई गेली, मग त्या जपण्याला काय चाटायचंय! तरीही एक गोष्ट मला कबूल करावी लागते. हात लावण्याआधी तिकडे कुणीतरी कुणाला तरी विचारतं, आणि ‘नाही’ असं उत्तर आलं तर ते नाहीच असतं.

विचारायची रीत आपल्याकडे नाही असंही नाही. माझं सासर सिंधुदुर्गातलं. तिथे देवळाचं काहीही करायचं तर आधी देवाला विचारतात. गुरव देवाच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो आणि सगळे वाट बघत बसतात. आमच्या गावात उजवी पाकळी आधी पडली की देव हो म्हणाला, डावी पडली की नाही म्हणाला. याला कौल लावणं म्हणतात. लग्नानंतर पहिल्यांदा मी तो पाहिला तेव्हा पाकळी माझ्या डाव्या हाताला पडली आणि मी हळहळले. सासूबाई हसल्या. “आपलो न्हय गो, देवाचो उजवो,” त्या म्हणाल्या. देव आपल्याकडे तोंड करून उभा, म्हणजे त्याचा उजवा हात आपल्या डावीकडे. माझ्या ऑफिसाला एवढं कळायला एका खिडकीच्या काचा उतरवाव्या लागल्या होत्या. या गावाला ते मुळातच माहीत होतं. मी तेव्हाच त्या गावाच्या प्रेमात पडले.

गावाच्या म्हणण्यापेक्षा मंडपाच्या. गाभाऱ्यापुढे फणसाच्या लाकडाचा मोठा सभामंडप होता, खांब काळपट तांबूस झालेले, कित्येक पिढ्यांच्या पाठी घासून गुळगुळीत. एका खांबावरची नक्षी दुसऱ्यावर नाही. एकावर माकड फणस खातंय. एकावर पालखीचे भोई चाललेत आणि त्यांतला एकजण दमून खांदा बदलतोय. कुणा सुताराने तो दमलेला भोई खरोखर पाहिला असणार, त्याशिवाय असलं सुचत नाही. कोपऱ्यातला एक खांब आखूड पडला म्हणून त्याच्याखाली जांभ्याचा दगड सरकवलेला. गाभाऱ्यात बायकांना जायला मनाई, पण दुपारचा मंडप त्यांचाच. सासूबाई आणि शेजारपाजारच्या बायका खांबाला पाठ लावून बसायच्या, भाजी निवडायच्या, गजाली करायच्या. घरात ज्यांना बसायला फुरसत मिळत नसे त्या तिथे पाय पसरून बसायच्या.

आता काकांकडे येते. काका म्हणजे माझ्या नवऱ्याचे सख्खे चुलते. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात त्यांचं ॲल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं वर्कशॉप आहे, आणि आमच्या गावची जेवढी माणसं अमिरातीत आहेत त्यांचे ते पुढारी. माझा नवरा पहिल्यांदा इकडे आला तो त्यांच्याच खोलीवर उतरला, पहिली नोकरीही त्यांच्याच ओळखीने लागली. आता तो रुवैसच्या रिफायनरीत असतो, आठवडाभर तिकडे आणि शनिवार-रविवार घरी. आमचा हॉल मोठा, म्हणून देवळाच्या जीर्णोद्धार समितीच्या बैठका आमच्याकडे भरायच्या. समितीत एकही बाई नव्हती. बायका आत वडे तळायच्या.

पहिल्याच बैठकीत काकांनी आमच्या टीव्हीवर नव्या देवळाचं चित्र लावलं. पांढराशुभ्र संगमरवर, मंडपाच्या जागी सिमेंटचा हॉल, छताला पीओपी आणि त्यात निळे दिवे. अगदी मॉलमधल्या फूड कोर्टासारखं.

“कसं वाटतंय?” काकांनी विचारलं.

“एकदम फाइव्ह स्टार, काका,” कुणीतरी म्हणालं.

मी वड्यांचं ताट घेऊन दारात उभी होते. “आणि जुना मंडप?” मी विचारलं.

“तो काढायचा, सूनबाई. वाळवी लागलीय, पावसात गळतो. गुरव बिचारा तंग आ गया है.”

गुरवाचं दुखणं खोटं नव्हतं. पावसाळाभर तो माणूस घमेली घेऊन गळक्या जागांखाली धावत असायचा, आणि छपरावर चढायची पाळीही त्याच्यावरच. म्हणून पुढच्या सुट्टीत मी गावी गेले ती टेप घेऊनच. मंडप पायापासून आढ्यापर्यंत मोजला. टेपचं दुसरं टोक सासूबाईंनी धरलं. खांब पायाशी हातभर कुजले होते, वर मात्र ठणठणीत. हा रोग माझ्या ओळखीचा होता. इंग्लंडमधल्या चर्चचे ओकचे खांबही असेच पायाशी कुजतात. तिथे कुजका भाग कापून नव्या लाकडाचा तुकडा खाच पाडून बसवतात, वरचा जुना खांब तसाच उभा राहतो. अशा सांध्यांचे नकाशे मी डोळे मिटून काढीन. तसाच मंडपाचा काढला. पाणी कुठून मुरतं, छप्पर कुठे नवं करायचं, वाळवीवर काय करायचं, सगळं दाखवलं. गुरवाला घमेली घेऊन धावावं लागणार नाही, याचीही सोय केली.

पुढच्या बैठकीत काकांनी तो नकाशा टेबलावर पसरला. चष्मा लावून नीट पाहिला, बोट फिरवून पाहिला.

“वा! काय हात आहे हिचा! हे आपण फ्रेम करून नव्या हॉलमध्ये लावू. जुनं कसं होतं ते लोकांना कळायला पाहिजे.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “काका, हा दुरुस्तीचा नकाशा आहे. फोटो नाही.”

“सूनबाई, तुझ्या त्या चर्चमध्ये संडेला चार म्हाताऱ्या येतात. दुसरं काही करायला नाही, म्हणून ते लोक दगड जपत बसतात. आपलं टेम्पल लाइव्ह आहे. जत्रेला पाय ठेवायला जागा नसते. पब्लिकला फॅसिलिटी नको?”

सगळ्यांनी माना डोलावल्या. माझ्या नवऱ्यानेसुद्धा, अगदी बारीकशी. यावरचं उत्तर मला सुचलं दोन दिवसांनी, ऑफिसात. आईचे गुडघे दुखायला लागले म्हणून कुणी नवी आई आणत नाही, गुडघ्यांवर इलाज करतात. पण तोवर समिती वडे खाऊन पांगली होती.

शेवटचा उपाय म्हणून मी काकांना विचारलं, “देवाला विचारलंत का?”

“अरे, म्हणजे काय! कौल घेतल्याशिवाय एक खापरीसुद्धा हलणार नाही. माझा शब्द.”

माझा जीव भांड्यात पडला. मी काही फार देवभोळी नाही. पण या माणसांनी माझं नाही ऐकलं तरी देवाचं ऐकतील असं मला वाटलं. माझ्या हाती तेवढंच उरलं होतं.

कौल लागला तो एका रविवारी सकाळी, आमच्या हॉलमध्ये, व्हिडिओ कॉलवर. चपला-बूट दारातून लिफ्टपर्यंत गेले होते. कुणी झब्बा घातलेला, कुणी झब्ब्याखाली ट्रॅक पँट. काकांनी टीव्हीपुढे नारळ ठेवला. तिकडे गुरवाचा भाऊ गाभाऱ्याच्या दारात फोन धरून उभा होता, त्यामुळे आमच्या टीव्हीच्या पडद्यावर समोरासमोर देव. बायकाही त्या दिवशी हॉलमध्ये होत्या. लेक मोबाइलवर सगळं शूट करत होती.

गुरवाने गाऱ्हाणं सुरू केलं, “बा देवा म्हाराजा...” आणि प्रत्येक ओळीला आमच्या हॉलमधून “व्हय म्हाराजा!” अशी आरोळी उठू लागली. शेजारच्या फ्लॅटमधल्या इजिप्शियन बाईंनी दार किलकिलं करून पाहिलं आणि लावून घेतलं. ‘जुनो मंडप काढून नवो बांधूक तुझी परवानगी आसा तर उजवो दी,’ असं गुरवाने सांगितलं आणि सगळे पडद्याकडे सरकले.

पडद्याच्या उजव्या बाजूची पाकळी हलली. जरा घसरली. पडली.

“दिला!” काका ओरडले. “उजवा दिला!”

टाळ्या झाल्या, “व्हय म्हाराजा” झालं, कुणी कुणाला मिठ्या मारल्या. पडद्यावर गुरव फोनकडे वळून हात हलवत काहीतरी सांगत होता, पण त्या गोंगाटात कुणाला काय ऐकू येणार! काकांनी “थँक यू, थँक यू, नंतर बोलू” म्हणत कॉल बंद केला. मी जागच्या जागी उभी. पडद्याची उजवी बाजू म्हणजे आमची उजवी. म्हणजे देवाची डावी. देव नाही म्हणाला होता.

मी लेकीला हळूच सांगितलं. तिने व्हिडिओ मागे नेऊन पुन्हा पाहिला.

“वेट. सो ही सेड नो?”

“हो.”

“देन व्हाय आर दे क्लॅपिंग?”

मला वाटलं, घोटाळा झालाय. इतकी वर्षं परदेशात काढलेली माणसं, कौल कित्येक वर्षांत प्रत्यक्ष पाहिलेला नाही, आणि आज पाहिला तो टीव्हीवर. मॅच बघावी तसं पडद्याचं उजवं ते उजवं, असं त्यांनी धरलं असणार. मला त्यांची थोडी दयाही आली. चारचौघांत काकांचा अपमान नको म्हणून मी शिऱ्याची ताटली घेऊन बाल्कनीत त्यांच्याजवळ गेले.

“काका, एक चूक झालीय. आपण पडद्याची उजवी बाजू धरली. देवाची डावी पडली.”

काकांनी शिऱ्याचा घास तोंडात टाकला. “सूनबाई, माझं अख्खं लहानपण त्या गाभाऱ्याच्या दारात गेलं. मला देवाचा उजवा शिकवतेस?”

मला कळेना. “म्हणजे तुम्हाला दिसलं?”

“दिसलं की.”

“मग टाळ्या का वाजवल्यात?”

“मग काय करू? काँट्रॅक्टर बुक झालाय, पत्थर राजस्थान से निकल गया, इतने लोगों को बोला है. देव काय, समजूतदार आहे. गुरव उद्या-परवा परत लावेल, तेव्हा देईल उजवा. इन्शाल्ला. आता खलास, तू डोकं नको चालवू. शिरा मस्त झालाय.”

चूक असती तर मी गिळली असती. चुका माझ्या धंद्यात रोज होतात, माणूस रेघ पुसतो आणि परत ओढतो. पण हा माणूस देवाचं नाही डोळ्यांनी बघून हो म्हणून ओरडला होता, आणि त्याच्या मागे सगळा हॉल. एवढंच करायचं होतं तर देवाला विचारायचं नाटक कशाला? मंडपावर सरळ जेसीबी घातला असता तर निदान त्याला प्रामाणिकपणे पाडलं असं तरी म्हणता आलं असतं.

संध्याकाळी नवरा रुवैसला जायला निघाला. मी त्याच्याबरोबर खाली पार्किंगमध्ये गेले.

“तुलाही दिसलं होतं?”

त्याने बॅग डिकीत ठेवली. “हो.”

“आणि तू टाळ्या वाजवल्यास!”

“दोनच वाजवल्या.”

मला हसू आलं असतं, इतकी मी संतापले नसते तर. “अरे, तुझं गाव, तुझा देव. एक शब्द बोलला असतास! तुझं ऐकलं असतं त्यांनी.”

“काकांसमोर? त्यांच्या खोलीवर राहून मी या देशात उभा राहिलो. त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडू? एका मंडपासाठी?” त्याने गाडीचं दार उघडलं. “हे बघ, बाकीच्यांनाही दिसलं असणार. गावात वाढलेल्या प्रत्येकाला कळतं. कोणी बोललं का?”

हेच तर मला लागलं. त्या हॉलमध्ये फसलेलं कुणीच नव्हतं. देव नाही म्हणाला हे तोंडाने बोलणारी माणसं दोनच, मी आणि माझी लेक. एक पुण्याची आणि एक दुबईची.

तो गेल्यावर मी लेकीचा व्हिडिओ गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘पाकळी देवाच्या डाव्या बाजूची पडली आहे. कृपया सर्वांनी पाहावे.’ मग हात जोडल्याची चित्रं आली, एकामागून एक. कुणी ‘नवीन मंदिर लवकर होवो’ असं लिहिलं. गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी लिहिलं, ‘सूनबाईंनी देवाच्या कामात राजकारण आणू नये.’ त्यानंतर ग्रुपने मला काढून टाकलं.

सासूबाईंचा फोन आला. “गो, तो व्हिडिओ काढून टाक.”

“आई, मला ग्रुपमधूनच काढलंय, आता मी काय काढणार? पण तुम्ही पाहिलात ना? डावा पडला.”

“माका काय सांगतंस? मी थंय बसान म्हातारी झालंय. सगळ्यांकाच दिसला.”

“मग तुम्ही तरी बोला. मंडप तुमचा आहे. तुम्ही बायका कुठे बसणार?”

त्या म्हणाल्या, “देव गप रवलो. आता तू पण गप रव.”

त्या रडत होत्या असं मला वाटलं, पण विचारायचा धीर झाला नाही. मला त्यांचाही राग आला. ज्या बाईने मला देवाचा उजवा शिकवला तिनेच मला गप बसायला सांगावं! आता इतक्या दिवसांनी वाटतं, गाभाऱ्याबाहेर जन्म काढलेल्या बाईला ‘बोला’ म्हणणं अल बर्शातून सोपं आहे. तरी राग गेलेला नाही.

गुरवाने दुसरा कौल लावला म्हणतात, आणि त्यात देवाने उजवा दिला म्हणतात. तो व्हिडिओ कॉलवर झाला नाही. मंडप तीन दिवसांत उतरला. नवऱ्याच्या फोनवर फोटो आले. खांब अंगणात आडवे पडलेले, आणि मला त्यांतला एकेक ओळखू येत होता. माकडाचा खांब, आखूड खांब, भोयांचा खांब. त्यांच्या कुजक्या पायांवर मी खडूने केलेल्या खुणासुद्धा दिसत होत्या. कुठून कापायचं आणि कुठून जोडायचं, त्या खुणा. पुढे ते खांब कुणा व्यापाऱ्याने ट्रकमध्ये भरून नेले. कुठे नेले हे समितीत कुणालाच माहीत नाही. कुणी विचारलंही नाही.

त्याच आठवड्यात इंग्लंडहून मेल आली. एका चर्चच्या खांबाखाली सुताराने कधीकाळी ठोकलेली लाकडाची पाचर सैल झाली होती. ती बदलावी की तीच पुन्हा बसवावी, आमचं मत काय? मी त्या पाचरीकडे बघत बसले. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुतलं, परत आले आणि लिहिलं की तीच पुन्हा बसवा. मेल पाठवली आणि बोटं कीबोर्डवर तशीच राहिली. माझ्या मताला त्या परक्या पाचरीपुरती किंमत होती. माझ्या सासरच्या देवळात ती नव्हती.

या वर्षी नवं देऊळ पुरं झालं. सासूबाई तिथे जातात, नमस्कार करतात आणि परत येतात. फरशीवर बसवत नाही, पाय भरून येतात, असं फोनवर म्हणाल्या. पाठ टेकायला भिंत आहे, पण भिंतीपाशी बसू नये अशी पाटी लावलीय, संगमरवराला तेलकट डाग पडतात.

मागच्या शनिवारी नवरा रुवैसहून आला तो खुशीत होता. त्याने मला फोटो दाखवला. हॉलच्या दर्शनी भिंतीवर संगमरवराची पाटी, सोनेरी अक्षरांत: ‘या मंदिराचा जीर्णोद्धार ज्यांच्या परिश्रमांतून झाला.’ काकांचं नाव सगळ्यांत वर. बरंच खाली आम्ही होतो, श्री. आणि सौ. माझ्या नावापुढे कंसात ‘नकाशा’ असं कोरलं होतं.

मी तिथल्या तिथे काकांना फोन लावला.

“काका, माझं नाव काढा.”

“अगं, तुझा मान केलाय आम्ही! समितीत बाई नव्हती तरी नाव घातलं.”

“मला नको तो मान. तो मंडप मी पाडला असं माझ्या नातवंडांनी वाचायला नको. काढा.”

काकांना खरंच वाईट वाटलेलं दिसलं. त्यांचा आवाज मऊ झाला. लहान मुलाची समजूत घालावी तसे ते म्हणाले, “सूनबाई, असं कसं काढणार? कोरलेलं आहे ते. हात लावला तर एवढा चांगला दगड कायमचा खराब होईल.”

मंडपाबद्दल हे वाक्य त्यांच्यापैकी एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं.